सुरक्षितता, वातावरण आणि निय्यत



अमेरिकेच्या उपनगरांत ‘फॅमिली स्विम क्लब’ या नावाची एक संस्था आढळते. शे-दोनशे कुटुंबे एकत्र येतात, जमीन घेतात, तलाव बांधतात, वार्षिक वर्गणी ठरवतात आणि मे महिन्याच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत मुलाबाळांसह तेथे उन्हाळा घालवतात. आई काठावर खुर्ची टाकून बसते, धाकटे मूल उथळ पाण्यात खेळते, थोरले पोहण्याच्या शर्यतीत भाग घेते, उंच खुर्चीवर बसलेला जीवरक्षक शिटी फुंकतो. चित्र निष्पाप आहे. किंबहुना, कुटुंबाने एकत्र वेळ घालवावा, मुलांनी पोहणे शिकावे, मोठ्यांनी त्यांच्यावर नजर ठेवावी, यात इस्लामी दृष्टीने प्रशंसनीयच अधिक आहे. मग एका धार्मिक मासिकात या तलावाचा प्रपंच कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे.

त्याचे कारण २००९ सालच्या एका घटनेत आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यातील फिलाडेल्फिया शहराने त्या उन्हाळ्यात आर्थिक ओढाताणीमुळे आपले अनेक सार्वजनिक तलाव उघडलेच नाहीत. शहरातील मुलांचे एक उन्हाळी शिबिर होते. त्यातील बहुतेक मुले कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकी वंशाची होती. शिबिराच्या चालकांनी शहराबाहेरील हंटिंग्डन व्हॅली येथील ‘व्हॅली क्लब’ या खासगी क्लबशी करार केला. आठवड्यातून एकदा मुलांनी पोहायला यावे, असे ठरले. १,९५० डॉलर्स भरले गेले. २९ जून रोजी साठ-पासष्ट मुले पहिल्यांदा तेथे गेली. काही सभासदांनी आपली मुले पाण्यातून बाहेर काढली, काहींच्या तोंडून अपशब्द निघाले, असे मुलांनी सांगितले. काही दिवसांत क्लबने पैसे परत केले आणि करार रद्द केला.

कारण काय दिले? एक कारण सुरक्षिततेचे होते: मुले फार आहेत, त्यांतील पुष्कळांना पोहता येत नाही, जीवरक्षक पुरेसे नाहीत, गर्दी होते. दुसरे कारण अध्यक्षांच्या निवेदनातून बाहेर पडले. इतक्या मुलांमुळे क्लबचे ‘वातावरण’ बदलेल, अशी चिंता व्यक्त झाल्याचे त्यांनी म्हटले. आणि त्या वाक्यात त्यांनी जो दुसरा शब्द वापरला, त्याचा इंग्रजीत एक अर्थ ‘एकंदर स्वरूप’ असा आणि दुसरा ‘चेहऱ्याचा रंग’ असा होतो. त्यांच्या मनात कोणता अर्थ होता, हे अल्लाह जाणे. ऐकणाऱ्यांनी मात्र दुसराच अर्थ ऐकला. पुढे राज्याच्या मानवी संबंध आयोगाने भेदभाव झाल्याचे सकृद्दर्शनी मान्य केले, क्लब दिवाळखोरीत गेला, संघराज्याच्या न्याय विभागाने दावा दाखल केला आणि २०१२ साली ११ लाख डॉलर्सच्या तडजोडीने प्रकरण मिटले. ही रक्कम क्लबची मालमत्ता विकून आली.

न्यायाची बाजू राखण्यासाठी हेही सांगितले पाहिजे की, आपण अन्य शिबिरांनाही नकार दिला होता, असे क्लबचे म्हणणे होते, आणि ओरड झाल्यानंतर सभासदांनी मतदान करून त्या मुलांना पुन्हा बोलावण्याचे ठरवले होते. शिबिराने ते निमंत्रण स्वीकारले नाही. मला त्या क्लबवर निवाडा करावयाचा नाही. तो त्यांच्या देशाच्या व्यवस्थेने आपल्या रीतीने केला आहे. माझ्यापुढील प्रश्न निराळा आहे. ‘सुरक्षितता’ आणि ‘वातावरण’ हे दोन्ही शब्द खोटे नाहीत. पाणी खरोखरच जीव घेते, आणि घराला, कुटुंबाला, मजलिसीला वातावरण खरोखरच असते. मग एखादा मनुष्य जेव्हा या दोन शब्दांचा आधार घेऊन दुसऱ्याला दारातून परत पाठवतो, तेव्हा तो आपली अमानत सांभाळत असतो की आपल्या नफ्सचे ऐकत असतो, हे ओळखावे कसे? आणि त्याला स्वतःला तरी ते कळते काय?

प्रथम सुरक्षिततेकडे वळू, कारण तिच्याविषयी आपल्या समाजात फार ढिलाई आहे आणि तिला तवक्कुलचे नाव देण्याची वाईट सवयही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्यू पावली. त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालकांचा होता. बुडणारे मूल चित्रपटात दाखवतात तसे हात हलवून हाका मारीत नाही. श्वास घ्यायलाच तोंड पाण्याबाहेर पुरत नसताना हाक कोठून निघणार? ते मुकाट्याने, उभ्या अवस्थेत, एखाद्या मिनिटाच्या आत पाण्याखाली जाते. आणि दहा हातांवर बसलेली माणसे गप्पा मारीत असतात. म्हणूनच बालरोगतज्ज्ञ सांगतात की तलावाला चारही बाजूंनी किमान चार फूट उंचीचे कुंपण हवे, आपोआप मिटणारे फाटक हवे, आणि लहान मुलापासून मोठे माणूस हातभर अंतराच्या पलीकडे असता कामा नये.

कठडा नसलेल्या गच्चीवर झोपणाऱ्याविषयी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिलेली ताकीद हदीससंग्रहात आलेली आहे: अशा माणसाने आपल्या संरक्षणाचा हक्क स्वतःच सोडून दिलेला असतो. गच्चीचा कठडा आणि तलावाचे कुंपण यांत तत्त्वतः काय फरक आहे? उंटाला बांधावे आणि मग भरवसा ठेवावा, ही शिकवण तर आपल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. हजरत उमर (रजि.) यांनी सीरियातील लोकांना मुलांना पोहणे शिकवण्याची सूचना केल्याचे सांगितले जाते, ते आपण जलशात अभिमानाने ऐकवतो. पण मुलाला तळ्यावर पाठवताना त्याच्याबरोबर कोण आहे, हे विचारायला विसरतो. बुडून मरण पावणाऱ्याला शहीदाचा दर्जा लाभतो, अशी प्रेषितांची शुभवार्ता आहे. ती शोकाकुल आईच्या सांत्वनासाठी आहे. कुंपण न घालणाऱ्याच्या बचावासाठी नव्हे.

आपल्या फिक्हच्या ग्रंथांनी या विषयाला किती गांभीर्याने घेतले आहे, हे पाहून शिकत असताना मी चकित झालो होतो. आम्ही कोकणातील लोक शाफई मस्लकचे. आमच्याकडे इमाम नववी (मृत्यू हिजरी ६७६) यांचे ‘मिन्हाज’ अभ्यासले जाते. दियतच्या, म्हणजे रक्तभरपाईच्या प्रकरणात तेथे एक छोटासा मसला आहे: लहान मुलाला पोहणे शिकवण्यासाठी एखाद्या पोहणाऱ्याच्या हवाली केले आणि ते मूल बुडाले, तर त्याची दियत देणे आवश्यक ठरते. भाष्यकार कारण सांगतात, की मूल हवाली केल्यावर त्याची जपणूक ही शिकवणाऱ्याची जबाबदारी झाली आणि बुडणे ही त्या जपणुकीतील कसूर मानली गेली. प्रौढ माणूस आपण होऊन शिकायला आला असता तर गोष्ट वेगळी होती. तो स्वतःचा रखवालदार आहे. सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वी दमास्कसमध्ये बसून एका विद्वानाने जीवरक्षकाच्या उत्तरदायित्वाचा विचार केला होता. आमचे उस्ताद हा मसला शिकवताना क्षणभर थांबत आणि म्हणत, ‘‘मूल हातात घेतलेस की तू बांधला गेलास.’’

आणखी एक उदाहरण. इमाम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (मृत्यू हिजरी ६६०) यांनी लिहिले आहे की, बुडत्याला वाचवणे आणि नमाज अदा करणे यांचा प्रसंग एकाच वेळी आला तर बुडत्याला आधी वाचवावे, कारण नमाजची भरपाई कजा करून होऊ शकते. रोजेदाराला रोजा सोडल्याशिवाय बुडत्याला वाचवता येत नसेल तर त्याने रोजा सोडावा. येथे बुडणारा कोण, कोणत्या कबिल्याचा, कोणत्या रंगाचा, हा प्रश्न उपस्थितच होत नाही. एक जीव वाचवणे म्हणजे सगळ्या मानवजातीला वाचवणे, या कुरआनी शिकवणीत तो विचारण्यास जागाच ठेवलेली नाही.

म्हणजे सुरक्षितता ही किरकोळ बाब नव्हे. ‘‘आमच्याकडे जीवरक्षक अपुरे आहेत’’ असे एखाद्या संस्थेने म्हटले, तर ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. साठ न पोहणारी मुले आणि दोन जीवरक्षक, ही स्थिती खरोखर धोक्याची आहे. येथेच प्रश्न अवघड होतो.

माझ्या अल्पमतीने त्याची उकल अशी करता येईल. खरी चिंता माणसाला कामाला लावते. आणखी एक जीवरक्षक ठेवता येईल काय, मुलांचे दोन गट करता येतील काय, उथळ भाग दोरीने वेगळा करता येईल काय, बंडी घालायला देता येईल काय, निदान दुसरी वेळ ठरवता येईल काय, असे प्रश्न ती विचारते. ज्याला केवळ निमित्त हवे असते, त्याला या उत्तरांची गरज नसते. दार बंद झाले की त्याची चिंताही मिटते. ज्या मुलाला परत पाठवले, ते संध्याकाळी कोठल्या नदीवर जाईल, याची चिंता त्याच्या हिशेबात नसते. आणि येथे आकडे बोलतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या माहितीनुसार १० ते १४ या वयोगटातील कृष्णवर्णीय मुलांचे तलावात बुडून मरण्याचे प्रमाण गोऱ्या मुलांच्या सात पटींहून अधिक आहे. ज्यांच्या आजोबांना तलावात उतरू दिले नाही, त्यांच्या वडिलांना पोहता आले नाही. ज्यांच्या वडिलांना पोहता आले नाही, त्यांनी मुलांना पाण्यापासून दूर ठेवले. आणि आता त्याच मुलांना सांगितले जाते, की तुम्हाला पोहता येत नाही, म्हणून तुम्हाला येथे येऊ देणे सुरक्षित नाही.

हे खासगी क्लब अस्तित्वात कसे आले, याचाही इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यायालयांच्या आदेशाने सार्वजनिक तलाव सर्वांना खुले होऊ लागले, तसतसे अनेक गोरे नागरिक तेथून निघून उपनगरांतील खासगी तलावांकडे वळले. तेथे नियम वरकरणी निरुपद्रवी असत. मेरीलँड राज्यातील एका तलावसंस्थेच्या सभासदांनी १९६८ साली एका कृष्णवर्णीय बाईंना पाहुणी म्हणून नेले. त्यांना त्या दिवशी प्रवेश मिळाला, पण लगेच कार्यकारिणीने पाहुण्यांविषयीचा नियम बदलला: यापुढे पाहुणे म्हणून फक्त सभासदांचे नातेवाईकच येतील. नियमात रंगाचा उल्लेख नाही, कोणाचा अपमान नाही. पाहा, किती सुंदर नियम! अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली एकमताने सांगितले की ही संस्था स्वतःला खासगी म्हणवून भेदभावाच्या कायद्यातून सुटू शकत नाही. त्यापूर्वी १९६९ साली व्हर्जिनियातील एका प्रकरणाचा निकाल लागला होता. सुलिव्हन नावाच्या एका गोऱ्या गृहस्थाने आपले घर कृष्णवर्णीय भाडेकरूला दिले आणि घराबरोबर तेथील उद्यान व तलावाचे सभासदत्वही त्याच्या नावे केले. संस्थेने भाडेकरूला नाकारले. सुलिव्हन यांनी निषेध केला, तेव्हा संस्थेने त्यांनाच काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. शेजाऱ्याच्या हक्कासाठी आपला हक्क गमावण्यास तयार होणारा हा मनुष्य मुसलमान नव्हता, तरी शेजाऱ्याच्या हक्काविषयी खुत्बा देताना मला त्याची आठवण येते.

आता वातावरण. हा शब्द उच्चारताच आपण मुसलमानांनी सावध झाले पाहिजे, कारण तो आपलाही शब्द आहे. ‘माहौल’ हा शब्द आपल्या घराघरांत दिवसातून दहा वेळा उच्चारला जातो. मुलीला अमुक महाविद्यालयात का घातले नाही? माहौल बरा नाही. लग्न अमुक सभागृहात का नाही? माहौल. स्त्रियांसाठी तलावाची वेगळी वेळ हवी, तेथे पुरुषांनी येऊ नये, अंगभर कपडे घालून पोहण्याची मुभा असावी, अशी मागणी आपण करतो, तीही वातावरणाच्या नावानेच. आणि मी ती मागणी योग्य मानतो. हया हा ईमानचा भाग आहे. घरात शिरण्यापूर्वी परवानगी मागण्याचा आदेश देणाऱ्या धर्माला खासगीपणाचे मोल सांगावे लागत नाही. शरीअतने मालकीहक्कही मान्य केला आहे. नदीचे पाणी सर्वांचे, पण हौदात साठवलेले पाणी साठवणाऱ्याचे, असा भेद फुकहांनी केलेला आहे. मग क्लबच्या सभासदांनी ‘‘हा आमचा हौद आणि हा आमचा माहौल’’ असे म्हटले, तर आपण कोणत्या तोंडाने त्यांना दोष देणार?

हा आक्षेप मी कित्येक दिवस मनात घोळवला. उत्तर मला मक्केतील एका प्रसंगात सापडले. कुरैशच्या सरदारांनी प्रेषितांकडे निरोप पाठवला होता, की आम्ही तुमचे म्हणणे ऐकायला येऊ, परंतु ही फाटकी माणसे, बिलाल, अम्मार, सुहैब, खब्बाब यांच्यासारखे गुलाम व निराधार लोक, त्या वेळी आपल्या जवळून उठवून द्यावेत. त्यांच्या शेजारी बसणे आम्हाला शोभत नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर, मजलिसीचे वातावरण बिघडते. मागणीमागे मोठे प्रलोभन होते. सरदार ऐकतील, कदाचित इस्लाम स्वीकारतील, छळ थांबेल. दावतची मसलहत यापेक्षा मोठी कोणती? परंतु वही आली आणि सकाळ-संध्याकाळ आपल्या पालनकर्त्याला पुकारणाऱ्यांना दूर लोटण्यास स्पष्ट मनाई झाली. नूह (अलै.) यांच्या कौमनेही हेच म्हटले होते, त्यांच्यामागे जाणारे हलके लोक पाहून त्यांना संदेशाचीच किळस आली होती.

आता हयाचा नियम या मागणीच्या शेजारी ठेवून पाहा. हया काय म्हणते? जो येईल त्याने अंग झाकावे, नजर खाली ठेवावी, ठरलेली वेळ पाळावी. ही अट कृतीवर आहे. ती कोणालाही पुरी करता येते, आणि ती सर्वांत आधी माझ्यावर लागू होते. सरदारांची अट काय होती? बिलाल (रजि.) यांनी कितीही सभ्यपणे बसले, कितीही स्वच्छ कपडे घातले, तरी ती पुरी होणारी नव्हती, कारण अट त्यांच्या वागण्यावर नव्हतीच, त्यांच्या असण्यावर होती. रस्त्यावर बसणाऱ्यांना प्रेषितांनी रस्त्याचे हक्क सांगितले: नजर राखा, कोणाला त्रास देऊ नका, सलामचे उत्तर द्या, भल्याची शिकवण द्या व वाईटापासून रोखा. तलावाच्या काठावर खुर्च्या टाकून बसणाऱ्यांनाही हे हक्क जसेच्या तसे लागू पडतात. त्यात वातावरण राखण्याची सगळी साधने आहेत. रस्त्यावरून कोण जाऊ शकेल, हे ठरवण्याचा हक्क मात्र त्यात नाही.

दुसऱ्या बाजूला उभे राहणे काय असते, हेही आपल्याला ठाऊक आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन शहराच्या सार्वजनिक तलावावर मुस्लिम शिबिरातील मुलांना बाहेर जाण्यास सांगण्यात आले. त्यांनी सुती कपडे आणि मुलींनी हिजाब घातला होता. सुती कपड्यांना तेथे मनाई आहे, असे सांगितले गेले. नंतर महापौरांनी जाहीर माफी मागितली. ती बातमी आपल्या बांधवांनी संतापाने एकमेकांना पाठवली होती. मीही पाठवली होती. ओला सुती कपडा जड होतो आणि पोहण्यासाठी खास कापडाचे अंगभर वस्त्र अधिक सुरक्षित असते, हेही तितकेच खरे आहे, आणि आपल्या मुलींसाठी ते घेण्यात कुचराई करू नये. पण त्या मुलांना ‘‘उद्या असे कपडे घालून या’’ असे म्हणणे आणि ‘‘निघा’’ असे म्हणणे, यांतील अंतर आपल्याला त्या वेळी बरोबर कळले होते.

आणि आपल्या घराजवळचे तळे? महाड माझ्या गावापासून फार दूर नाही. चवदार तळे सर्वांसाठी खुले करण्याचा ठराव तेथील नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह पाणी प्यायले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. पुढे त्याच वर्षी डिसेंबरात सत्याग्रह होऊ नये म्हणून न्यायालयात काय सांगितले गेले, ते ध्यानात घ्या: हे तळे खासगी आहे. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने तो वाद संपला, म्हणजे दहा वर्षे लागली. त्या मार्चमधील हल्ल्याच्या दिवशी महाडच्या मुसलमानांनी जीव वाचवून धावणाऱ्या दलित बांधवांना आपल्या घरांत आसरा दिला आणि डिसेंबरच्या परिषदेसाठी एका मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली, या गोष्टी आपण अभिमानाने सांगतो, सांगाव्यातही. मात्र त्या दिवसापूर्वीच्या हजारो दिवसांविषयी आपण बोलत नाही. मुसलमानांना त्या तळ्यावर जाण्यास आडकाठी नव्हती. आपले पूर्वज रोज तेथून पाणी भरून नेत होते आणि शेजारचा माणूस काठावर उभा आहे, हे पाहत होते. तळे आपले नव्हते, नियम आपला नव्हता, म्हणून जबाबदारीही आपली नव्हती, असे कयामतच्या दिवशी म्हणता येईल काय? मला त्याचे उत्तर देववत नाही.

देववत नाही, याला एक वैयक्तिक कारणही आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या जमातने मक्तबच्या मुलांसाठी तालुक्याच्या गावातील एक तलाव रविवार सकाळसाठी भाड्याने घेतला. नदीला पावसात पूर येतो, मुलांना पोहता यावे, हा हेतू होता; मुलींसाठी वेगळी वेळ आणि शिकवणारी बाई ठरली होती. कल्पना माझीच होती. मशिदीच्या मागे डोंगराकडेला खडीच्या खाणीवर काम करणाऱ्या कुटुंबांची वस्ती आहे. तेथील नऊ मुले आमच्या मक्तबमध्ये येत. यादी करताना त्यांचा प्रश्न निघाला. कोणी म्हणाले, शिकवणारा एकच आहे, ही मुले अंगाने आडदांड, ऐकत नाहीत, काही झाले तर जबाबदार कोण? दुसरे एक वडीलधारे हळूच म्हणाले, ‘‘बाकीच्या मुलांच्या आयांना आवडणार नाही. माहौल बिघडतो.’’ सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, ‘‘यंदा मसलहत पाहू या.’’

मसलहत हा फिक्हचा किती आदरणीय शब्द! दीन, जीव, बुद्धी, वंश आणि संपत्ती यांच्या रक्षणासाठी इमाम गजाली यांनी ज्याचा विस्ताराने विचार केला, तो शब्द मी नऊ मुलांची नावे यादीतून गाळण्यासाठी वापरला. आणि खरे सांगतो, बोलताना मला तो खोटा वाटला नाही. शिकवणारा खरोखर एकच होता. भीती खरोखर होती. निय्यतचा धोका येथेच आहे. नफ्स खोट्या कारणाने क्वचित फसवतो, बहुधा तो खरे कारणच हाती देतो. दुसरा शिकवणारा शोधण्यासाठी मी एक फोनसुद्धा केला नाही, हे मला पुष्कळ नंतर ध्यानात आले. केला असता तर कदाचित मिळालाही नसता. पण मी केला नाही.

त्या नऊ जणांत बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा होता. कुरआन वाचताना त्याचे मखरज फार शुद्ध होते. तो असरनंतर थांबला आणि त्याने विचारले, ‘‘हजरत, यादीत आमची नावे नाहीत?’’ मी म्हणालो, ‘‘बेटा, तुम्हा लोकांना पोहता येत नाही ना, धोका असतो.’’ तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हिशेब जुळत नसल्यासारखा भाव होता. ‘‘पण तिथे पोहायला शिकवणार आहेत ना?’’ एवढेच तो म्हणाला आणि चप्पल घालून गेला.

यंदा पुन्हा यादी करावयाची आहे. दोन शिकवणारे ठरवले आहेत. त्यांतील एकाने जीवरक्षकाचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले आहे. दहा-दहा मुलांचे गट असतील, आणि प्रत्येक गटाबरोबर पाण्यात न उतरणारा, हातात मोबाईल न घेणारा एक पालक काठावर उभा राहील. खर्च वाढणार आहे. वस्तीतील मुलांकडून पैसे घ्यायचे नाहीत, असे मी सुचवले आहे आणि त्यावर कुरबूर सुरू आहे. गेल्या जुम्याला त्याच वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेऊन पुन्हा माहौलची आठवण करून दिली. ते वाईट गृहस्थ नाहीत. मशिदीचा हौद त्यांनीच स्वखर्चाने बांधून दिला आहे. मी त्यांना मक्केच्या सरदारांचा प्रसंग सांगितला नाही, कारण तसे करणे उद्धटपणाचे झाले असते. मी फक्त विचारले, की वातावरण बिघडेल असे कोणते वर्तन आपल्याला दिसले, ते सांगावे. आपण त्याचा नियम करू आणि तो सर्व मुलांना, माझ्या मुलालाही, लावू. ते विचार करून सांगतो म्हणाले. बैठक येत्या रविवारी आहे.

वस्तीत आता सहाच मुले उरली आहेत. खाणीचा एक भाग बंद झाला, तेव्हा तीन कुटुंबे काम शोधत दुसऱ्या तालुक्यात गेली. शुद्ध मखरजचा तो मुलगा त्यांच्याबरोबर गेला. जेथे गेले, तेथे धरणाचे काम चालू आहे, असे कळते.